जुनी आधी, नवी नंतर

शिल्लकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते उभं आयुष्य स्टोअरकीपर होते. जाळीच्या खिडकीतून कुणी नट मागो, बेअरिंग मागो, नाहीतर हातमोजे मागो, यांचं पहिलं उत्तर ठरलेलं, "शिल्लक नाही." मागच्या रॅकवर तोच माल ढिगाने पडलेला असला तरी. मागणारा हेलपाटे घालून दमला, झिजलेला जुना तुकडा त्याने खिडकीत आणून ठेवला, की मग हे सावकाश उठायचे, तो तुकडा उजेडात धरून उलटसुलट बघायचे, "अजून थोडा चालला असता" असं पुटपुटायचे आणि मग नवा काढून द्यायचे. कामगारांनी त्यांना ते नाव ठेवलं, आणि नोकरी संपल्यावर घड्याळ, शाल वगैरेंबरोबर तेही घरी आलं.

त्यांचा नियम एकच होता आणि तो वाईट नव्हता. जुनी वस्तू आधी, नवी नंतर. जुनीत जीव आहे तोवर नवीचं वेष्टन फोडायचं नाही. बोल्टला ग्रीस लावून तो कागदात गुंडाळला की वर्षानुवर्षं जसाच्या तसा राहतो. शिल्लकरावांच्या हाताखालचा बोल्ट कधी गंजला नाही आणि ऐन वेळी मशीन अडून राहिली असंही कधी झालं नाही. वरिष्ठ मंडळी कौतुक करायची. ज्या नियमावर माणसाने जन्मभर शाबासकी मिळवली, तो नियम आपल्याला घरात घुसून दगा देईल, असं त्याच्या मनात तरी कशाला येईल?

त्यांची बायको त्याच कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर होती. तिथे तिला सगळे बोर्डवाली म्हणत. ही दोघं एकमेकांना भेटली ती आधी कानांनी. स्टोअरमधला फोन उचलला की पलीकडून तिचा आवाज यायचा, "बोला, लाईन जोडली आहे." तिचं तोंड बघायच्या आधी कितीतरी महिने शिल्लकराव तो आवाज ऐकत होते. माल द्यायला हात आखडणारा हा माणूस त्या दिवसांत उगाच इकडेतिकडे फोन लावायचा, हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं. उधळपट्टी म्हणावी अशी त्यांनी तेवढी एकच केली.

लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी शिकून लांबच्या शहरात गेली. आणि मग शिल्लकरावांना घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला. श्वास घ्यायला मानेच्या खाली एक भोक राहिलं आणि त्यावर पातळ कापडाचा रुमाल आला. तोंडाचा आणि श्वासाचा संबंधच तुटला. हाक मारता येईना, शीळ घालता येईना, गरम चहावर फुंकरसुद्धा घालता येईना. इतकी वर्षं जाळीमागे बसलेला माणूस, पण तिथून निदान बोलता तरी येत होतं. आता त्यांना आतून कुलूप लावल्यासारखं झालं.

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी एक यंत्र मिळवून दिलं, लहानशा टॉर्चएवढं. ते जबड्याखाली दाबून धरायचं, बटण दाबायचं आणि नेहमीसारखे ओठ हलवायचे. यंत्र थरथरतं, ती थरथर मानेतून तोंडात जाते आणि ओठ तिचे शब्द करतात. आवाज एका सुराचा, घरघरणारा. शिल्लकरावांनी तो एकदा ऐकला आणि यंत्र टेबलाच्या खणात टाकून दिलं. असल्या आवाजात बोलण्यापेक्षा मुकं राहिलेलं बरं, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं.

बोर्डवालीने ती चिठ्ठी वाचली, चप्पल घातली आणि खाली औषधाच्या दुकानात जाऊन घरी फोन लावला. यांनी तो उचलला, पण बोलणार काय? "बोला, लाईन जोडली आहे," ती म्हणाली आणि थांबली. रागावली नाही, रडली नाही, फोनही ठेवला नाही. नुसती थांबली. दुसऱ्या दिवशीही तेच, त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. दुकानदाराला वाटायला लागलं की बाईंचं डोकं फिरलंय. शेवटी एक दिवस शिल्लकरावांनी खण उघडला, यंत्र गळ्याला लावलं आणि फोनमध्ये घरघरले, "शिल्लक नाही." ती इतकी हसली की दुकानदार औषधं सोडून बघायला आला. नव्या आवाजातलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

त्यानंतरची काही वर्षं बरी गेली. इतकी बरी की ऐकून खोटं वाटावं. दोघं दिवसभर बोलायची. बँकेतून फोन आला आणि यांनी उचलला की पलीकडची मुलगी रेकॉर्डिंग लागलंय असं समजून फोन ठेवून द्यायची. बँकेलाच कुणीतरी रेकॉर्डिंग ऐकवलं, याचा बोर्डवालीला फार आनंद व्हायचा.

मग दोन गोष्टी बरोबरच बिघडायला लागल्या. एक म्हणजे यंत्राची बॅटरी आणि दुसरे बोर्डवालीचे डोळे.

बॅटरीचं असं की ती यंत्राबरोबर आलेली होती आणि तिचं वय झालं होतं. सकाळी भरली की आधी रात्रीपर्यंत पुरायची. पुढे पुढे जेवणापर्यंत पुरायला लागली. शिल्लकराव सामान पुरवणाऱ्या दुकानात गेले. ते मॉडेल कंपनीने बंद केलं होतं. नवी यंत्रं होती, चांगली नाजूक, दिसायला गोंडस. पण कॅन्सरवरच्या रेडिएशनचे शेक घेऊन घेऊन शिल्लकरावांच्या मानेची कातडी चामड्यासारखी झाली होती आणि नव्या यंत्रांची नाजूक थरथर त्या कातडीपलीकडे जाईना. दुकानदाराने होती तेवढी सगळी लावून बघितली. तोंडातून डास गुणगुणल्यासारखं काहीतरी यायचं. जबड्याखालच्या एका जागी, त्या जुन्या आडदांड यंत्रानेच काय तो आवाज उठायचा. दुकानदाराने शेवटी आतून एक डबी आणली. जुन्या मॉडेलची कोरी बॅटरी, त्याच्याकडे उरलेली शेवटची.

दुसरं कुणी असतं तर त्याने ती दुकानातच यंत्रात घातली असती. शिल्लकरावांनी ती घरी आणली, चार्जरला लावून काठोकाठ भरली, म्हणजे ऐन वेळी तयार. मग पुन्हा डबीत घातली, तेलकट कागदात गुंडाळली, दोऱ्याने बांधली, दोऱ्याला चिठ्ठी अडकवली आणि बेडरूममधल्या लोखंडी कपाटात, आतल्या खणात ठेवून कुलूप लावलं. ते कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकून होतं. दुपारनंतर त्या भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. बोल्टला त्याचं काहीच वाटलं नसतं.

याच सुमाराला बोर्डवालीला काचबिंदू असल्याचं निघालं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नजर कडेकडेने जाणार. आज दार दिसतंय तर दाराशेजारची खुर्ची दिसणार नाही, मग दारही नुसती फट होईल. थेंब घाला, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही. घरी येताना रिक्षात ती एक शब्द बोलली नाही, आणि बोर्डवाली गप्प बसली म्हणजे काय, हे ओळखीच्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

त्या संध्याकाळी शिल्लकरावांनी ठरवलं आणि तिला सांगितलंही. "जुनीत जीव आहे तोवर जुनी. थोडं बोलेन, बाकी पाटीवर लिहीन. तुला पाटी दिसेनाशी झाली की कपाटातली नवी काढू. तेव्हा तुला माझा आवाजच लागणार."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "बरं," म्हणाली.

यात प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. उलट, त्या माणसाला जेवढं प्रेम येत होतं तेवढं सगळं यात होतं. जिच्यासाठी जपायचं तिच्यासाठीच ते जपत होते. पण मला त्यांचा राग येतो तो इथेच. माल कपाटात भरून पडला होता आणि हे खिडकीत बसून "शिल्लक नाही" म्हणत होते. या वेळी समोर बायको होती.

जुन्या बॅटरीची त्यांनी जी बडदास्त ठेवली ती बघण्यासारखी होती. चार्जिंग करायचं ते स्वयंपाकघरापासून लांब, टेबलावर, लाकडी फळीवर. गादीवर कधी नाही, गादीवर ती तापते. वापरून गरम झाली असेल तर आधी निवू द्यायची, मग लावायची. पूर्ण भरायच्या आधी काढायची, तिला ताण नको. पार रिकामी होऊ द्यायची नाही, तेही तिला सोसत नाही. उन्हात न्यायचं झालं तर पांढऱ्या रुमालात. हे सगळं अगदी बरोबर होतं आणि म्हणूनच ती म्हातारी इतकी टिकली. बोर्डवाली म्हणायची, "माझ्या डोळ्यांत थेंब घालायला विसरता, तिला मात्र डोळ्यांत तेल घालून जपता."

म्हातारीचा जीव कमी होत गेला तशी बोलणी आवरती झाली. पहिल्यांदा गप्पा गेल्या. मग थट्टा गेली, कारण थट्टेला बॅटरी घालवायची म्हणजे चैनच. मग सकाळचं "उठलीस?" गेलं. यंत्रावरचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला की शिल्लकराव ते खाली ठेवायचे, वाक्य अर्धं राहिलं तरी. बाकी सगळं पाटीवर. पांढरी पाटी, काळा जाड मार्कर. तिची नजर जशी आत आत येत गेली तशी ते अक्षरं मोठी करत गेले, आणि अक्षरं मोठी झाली तसे शब्द कमी मावायला लागले. शेवटी पाटीवर चार-पाचच शब्द बसायचे. गॅस संपत आला. मुलीचा फोन येईल. औषध घेतलंस का. एवढ्यात जे सांगून होत नाही ते सांगायचंच नाही, असा रिवाज पडून गेला.

दोन खोल्यांचं ते घर, बाहेर सामाईक गॅलरी, गॅलरीच्या टोकाला जिना. बोर्डवालीने जिना उतरणं सोडलं होतं. शिल्लकरावही तिला एकटी टाकून फारसे जात नसत. तिला काही झालं तर हाक ऐकू येईल, पण आपल्याला काही झालं तर हाक कोण मारणार, हा घोर त्यांना असायचा. पलंगाशेजारी एक घंटी ठेवली होती तेवढीच. ती खिडकीशी बसायची, हे टेबलाशी बसायचे. मधे पाच-सहा पावलांचं अंतर, आणि ते ओलांडायला शब्द नाहीत. दुपारी घरात फक्त पंख्याचा आवाज असायचा. कधी कधी शिल्लकरावांना गुदमरायला व्हायचं. श्वास तर मानेतून नीट चालू असायचा, तरी व्हायचं.

तीही बदलली. पूर्वी पाटी वाचली की त्यावर पाच वाक्यं बोलायची. आता "बरं", "हं", "बघू नंतर", एवढंच. शिल्लकरावांना वाटलं, रुसली आहे. कपाटातली काढत नाही म्हणून घुमी झाली आहे. पण तिने कधी मागितलीही नाही. मागितली असती तर त्यांनी दिली असती का? सांगता येत नाही. बहुतेक तिला जुनी दाखवून म्हणाले असते, अजून थोडी चालेल.

एकदा फक्त त्यांनी नियम मोडला. नवी काढली नाही, तेवढी त्यांची छाती कुठली. पण पाटीवर कामाचं नसलेलं लिहिलं. दुपारची वेळ होती, ती तांदूळ निवडत होती, बोटांनीच, नजर खिडकीकडे. तिच्याकडे बघता बघता यांना ते औषधाच्या दुकानातून येणारे फोन आठवले. पाटी पुसून त्यांनी लिहिलं, तू 'बोला' म्हणालीस म्हणून बोललो. उठून तिच्यासमोर धरली.

तिने पाटीकडे बघितलं. "बरं," ती म्हणाली, "बघू नंतर." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

ते पाटी घेऊन परत टेबलाशी आले आणि ती पुसून टाकली. इतकं वाईट त्यांना आवाज गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी असलं काही लिहिलं नाही. गॅस, फोन, औषध.

पुढे गॅलरीत गळती निघाली म्हणून गवंड्याने त्यांच्या दारापासून थोड्या अंतरावर फरशा उखडल्या आणि खालचा जुना, कुजलेला स्लॅब काढून टाकला. तिथे आरपार भोक पडलं, माणूस जाईल एवढं. आडवी एक फळी टाकून गवंडी सिमेंट आणायला गेला. शिल्लकरावांनी पाटीवर लिहिलं, गॅलरीत जाऊ नको. ती "बरं" म्हणाली. ते निर्धास्त होऊन गवंड्याला पाणी हवं म्हणून बादली भरायला मोरीत गेले. बाहेर येऊन बघतात तर दार उघडं आणि ही वाळलेले कपडे काढायला गॅलरीत निघालेली. एक हात भिंतीला, पाऊल ठरलेलं, भोकाच्या दिशेने.

त्यांनी यंत्र गळ्याला लावून बटण दाबलं. घर्र झालं आणि लाल दिवा लागून सगळं विझलं. म्हातारीने मान टाकली होती. घंटी आत पलंगाशी. टाळी वाजवली ती तिने ऐकली न ऐकली. तोंड उघडून ते जीव खाऊन ओरडले आणि काहीच झालं नाही, नुसता मानेवरचा रुमाल फडफडला. मग त्यांनी पायाशी ठेवलेली भरलेली बादली उचलून तिच्या पुढे भिरकावली. बादली फळीवर आदळून खाली गेली आणि खालच्या मजल्यावर जाऊन दणाणली. ती जागच्या जागी थिजली.

"काय फेकाफेक चालवली आहे?" ती म्हणाली. शिल्लकरावांनी तिला धरून आत आणलं आणि खुर्चीत बसवलं. लिहिलं होतं ना मी, समोर धरलं होतं ना, मग ऐकत का नाही ही बाई, असा संताप येत होता. पण त्याच्याही वर एक गोष्ट होती. वेळ आली होती. त्यांनी कपाटाच्या किल्ल्या घेतल्या.

दोरा सोडला, तेलकट कागद उलगडला. दरवर्षी ते कपाट उघडून गाठ शाबूत आहे की नाही ते बघत आले होते. स्टोअरात असंच करतात, गाठ बघतात, आतला माल नाही. डबीचं झाकण निघेना. नखं घालून ओढलं तेव्हा निघालं. आतली बॅटरी फुगली होती. शिजलेल्या शेंगेसारखी मधून टच्च, कडा उसवलेल्या, आणि एक गोडसर, उग्र वास. ती यंत्राच्या खाचेत बसलीच नसती. जन्मात एकदाही वापरलेली नाही आणि मेलेली.

कोपऱ्यावर मोबाईल दुरुस्त करणारी एक बाई बसायची. शिल्लकराव दोन्ही बॅटऱ्या घेऊन तिच्याकडे गेले. तिने फुगलेली हातात घेतली आणि लगेच वाळूच्या डब्यात ठेवली.

"काका, हिला चार्जिंगला लावायचं नाही, टोचायचं तर मुळीच नाही, पेट घेईल. कशी ठेवली होती?"

त्यांनी तिच्या काउंटरवरच्या कागदावर लिहिलं. भरून. कपाटात. वापरली नाही.

"तेच ना. ही काय लोणच्याची बरणी नाही, झाकून ठेवली की मुरेल. न वापरताही हिचं वय होतं. त्यातून पूर्ण भरून गरम जागी ठेवली म्हणजे लवकरच. ठेवायचीच तर अर्धी भरून, थंड जागी, आणि अधूनमधून वापरायची. दोन्ही आलटून पालटून वापरल्या असत्या तर दोन्ही चालल्या असत्या."

शिल्लकरावांनी जुनी पुढे सरकवली. तिने जुनी तपासली. या मापाचा सेल आता कुठे मिळत नाही, ती म्हणाली, कुणाकडे निघाला तर शोधते, पण भरवशावर राहू नका. हिला मी थोडी भरून देते. चालेल काही मिनिटं. नंतर पुन्हा भरेल का, ते मी सांगू शकत नाही.

ते घरी आले. बोर्डवाली खिडकीशी बसली होती, मघाचीच साडी, काठ बादलीच्या पाण्याने अजून ओले. सगळं तोंडाने सांगायचं, अशी वाटेत त्यांनी प्रतिज्ञा केली होती. पण दारात आल्यावर धीर झाला नाही. यंत्र खिशातच राहिलं आणि हात पाटीकडे गेला. त्यांनी लिहिलं, नवी बॅटरी मेली. माझ्यामुळे. तिच्यासमोर जाऊन पाटी धरली आणि मान खाली घातली.

"बरं," ती म्हणाली. "बघू नंतर."

त्यांनी मान वर केली. तिचा चेहरा शांत होता आणि डोळे पाटीवर होते, अगदी पाटीवर. पण पाटीवर असलेल्या डोळ्यांत काहीच हललं नव्हतं.

शिल्लकराव टेबलाशी परत गेले. मग त्यांनी पाटी फडक्याने पुसली. सगळी, कोपरेसुद्धा. आणि कोरी पाटी पुन्हा तिच्यासमोर धरली.

तिने पाटीकडे बघितलं, जरा मान हलवली.

"हं," ती म्हणाली. "बरं."

पाटी त्यांच्या हातातून सुटून फरशीवर पडली. त्यांनी खिशातून यंत्र काढलं आणि गळ्याला लावलं.

"पाटी कोरी आहे," ते म्हणाले.

बोर्डवालीचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट झाले. यंत्र चालूच होतं, घरघर करत. बंद करायचं त्यांना सुचलंच नाही.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ दिवस झाले," ती म्हणाली. "पाटी आणलीत हे पावलांवरून कळायचं. पुढचं अंदाजाने. गॅस, नाहीतर फोन, नाहीतर औषध. तुम्ही दुसरं काय लिहिणार?"

"सांगायचं होतंस."

"तुम्हीच म्हणाला होतात ना, पाटी दिसेनाशी झाली की कपाट उघडू. मग कपाट उघडलं की माझे डोळे गेले, असंच झालं असतं." तिचा आवाज आता फुटला. "बंद होतं तोवर गेले नव्हते. म्हटलं, राहू दे अजून थोडे दिवस शिल्लक."

शिल्लकराव तिच्यापुढे खाली बसले. तिच्या गुडघ्याला हात लागला तशी तिने तो धरला.

"नवी मेली," ते म्हणाले. "कपाटातच. जपली म्हणून मेली. हीपण जाईल आता."

"मघाशी पाटीवर हेच होतं?"

"हेच."

खाली गवंडी कुणाला तरी बादलीबद्दल विचारत होता. शिल्लकरावांच्या मनात ती तांदळाची दुपार आली आणि तिच्याबरोबर इतक्या दिवसांचा तो सल. तिने झिडकारलं नव्हतं. तिच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं.

"एकदा दुसरं लिहिलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

यंत्रावरचा दिवा पिवळा झाला होता. सवयीने अंगठा बटणावरून उचलला गेला. त्यांनी तो परत टेकवला आणि दाबला.

"तू 'बोला' म्हणालीस म्हणून बोललो."

ती ऐकत होती, तशी फक्त बोर्डावर बसलेली माणसं ऐकतात, मान किंचित एका बाजूला, श्वाससुद्धा आवरून. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते तिने पुसलं नाही.

"पुन्हा बोला," ती म्हणाली.

दिवा लाल झाला. शिल्लकरावांनी तो बघितला. मग त्यांनी यंत्र दिव्याची बाजू मागे जाईल असं हातात फिरवलं, गळ्याला लावलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले.